न गाडलेली हिरवळ केव्हा लागू पडते ?

जमीन न नांगरता पीक घेण्याच्या पद्धतीची चर्चा आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी व लावणी वगळून कायम गादीवाफ्यांवर भात घेण्याची रीत घालून दिली. कोल्हापूरकडे श्री. प्रताप चिपळूणकर यांनी नांगरास रजा देऊन शेती करण्याचा पुरस्कार केला. या दोन्ही उपक्रमांमुळे पुष्कळ शेतकऱ्यांचे लक्ष या विषयाकडे वेधले आहे. जमीन उघडी न ठेवणे हा या पद्धतीचा एक मुख्य आधार होय. दोन पिकांच्या मधल्या काळात ताग, धैंचा, चवळी यांसारखे पीक घ्यावयाचे, ते कापून अथवा आडवे पाडून जागीच पसरू द्यावयाचे, आणि त्याच अंथरुणात पुढील पिकाची पेरणी करावयाची, असा तिचा क्रम आहे. या मधल्या पिकास आम्ही प्रस्तुत लेखात आच्छादन-पीक असे म्हणतो.

या क्रमाविषयी एक तक्रार वारंवार कानी येते. ताग पुरुषभर वाढविला, कापून अंथरला, वर ज्वारी किंवा मका पेरला, उगवणही चांगली झाली. परंतु तीन-चार आठवड्यांत पीक पिवळे पडले आणि शेजारच्या नांगरलेल्या रानातील पीक पुढे निघून गेले. एवढे झाले म्हणजे हिरवळीचे खत लागू पडले नाही असा निकाल दिला जातो, आणि पुढील साली नांगर पुन्हा रानात येतो. मग दोन-तीन वर्षांत जमिनीने जी घडण धरली असेल, गांडुळांनी व जुन्या मुळ्यांनी पाणी मुरण्यास ज्या वाटा करून ठेविल्या असतील, त्या एकाच नांगरटीत मोडतात. आमच्या मते अशा प्रसंगी खत बहुधा कमी पडलेले नसते, ते अवेळी मिळालेले असते. आणि त्याची वेळ आच्छादन-पीक कापण्याच्या दिवशीच ठरून गेलेली असते. हे तत्त्व नीट समजून घेतल्यास पुष्कळांचा नांगराकडे परत जाण्याचा प्रसंग टळेल, म्हणून त्याचा येथे विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

ताग फुलोऱ्यास येऊ लागताच नांगराने गाडावा, ही शिफारस आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेली आहे व ती योग्यच आहे. परंतु ती नांगर धरणाऱ्यासाठी सांगितलेली आहे. गाडलेल्या हिरवळीस चोहो बाजूंनी माती भिडते, ओल सतत मिळते, आणि मातीतील सूक्ष्म जंतू एकदम तिजवर तुटून पडतात. अंथरलेल्या हिरवळीचा फक्त तळचा थर मातीस टेकतो. वरचा थर सकाळी दवाने भिजतो व दुपारी उन्हाने कोरडा पडतो. जंतूंचे काम ओल असेतोवर चालते व ती सरताच थांबते. म्हणून अंथरलेला पाला गाडलेल्या पाल्यापेक्षा सावकाश कुजतो. शिवाय वरच्या थरात बुरशीचे प्राबल्य असते. बुरशीचे तंतू मातीतील नत्र वर ओढून आपल्या कामास लावतात. कोवळ्या शेंगवर्गीय पाल्यातील थोडाबहुत नत्र अमोनिया वायूच्या रूपाने हवेतही जातो, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर ऊन कडक असता हा तोटा अधिक संभवतो. तात्पर्य, तोच ताग नांगराखाली एक हिशेब देतो आणि आच्छादनात दुसरा.

सर्व अन्नद्रव्ये एकाच चालीने सुटत नाहीत, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पालाश वनस्पतीच्या शरीरात कोणत्याही सेंद्रिय पदार्थाशी जखडलेले नसते. ते पेशींतील रसात विरघळलेले असते. त्यामुळे पाला कुजण्याची वाट न पाहता दोन-चार चांगल्या पावसांबरोबर ते धुऊन मातीत उतरते, आणि चार-सहा आठवड्यांत त्याचा बहुतेक भाग पिकास मिळण्याजोगा होतो. स्फुरदाचा काही अंश असाच लवकर सुटतो, उरलेला कुजण्याबरोबर सावकाश मोकळा होतो. चुना पेशींच्या भिंतींत बसलेला असल्यामुळे तो मागाहून येतो. खरा घोटाळा होतो तो नत्राच्या बाबतीत. पालाश व स्फुरद हे उशिरा का होईना पण देण्याच्याच बाजूस असतात. नत्र मात्र काही काळ उलट जमिनीतून काढून घेतला जाऊ शकतो.

हे कसे घडते ते पाहू. पाला कुजविणारे जंतू हेही जीवच आहेत. त्यांसही शरीर बांधावयाचे असते. त्यांच्या शरीरात सुमारे ८ भाग कर्बास १ भाग नत्र असतो. ८ भाग कर्ब अंगी लागण्यासाठी त्यांस आणखी सुमारे १६ भाग कर्ब श्वसनात जाळावा लागतो. म्हणजे २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र असलेले अन्न मिळाले तर त्यांची भूक बरोबर भागते. पाल्यात नत्र याहून अधिक असेल तर शिल्लक नत्र जमिनीत पिकासाठी उरतो. नत्र याहून कमी असेल तर जंतू ती तूट जमिनीतील नत्राने भरून काढतात, आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. जंतू मेले म्हणजे तो नत्र परत येतो हे खरे. परंतु तो येईपर्यंत मक्याचे पहिले सहा आठवडे निघून गेलेले असतात. गव्हाच्या काडात १ भाग नत्रामागे कर्ब ८० च्या घरात असतो. कोवळ्या शेंगवर्गीय पाल्यात तो १० ते २० च्या दरम्यान असतो. ताग या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसेल, हे सर्वस्वी त्याच्या वयावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल दोन रानांचा हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, परंतु ते प्रत्यक्षास सोडून नाहीत. पहिल्या रानात ताग ४५ ते ५० दिवसांचा असता कापला. एकरी वाळलेले वजन २ टन भरले व त्यात नत्र शेकडा २॥ निघाला. म्हणजे एकूण नत्र ५० किलो झाला. दुसऱ्या रानात ताग तसाच ९० दिवसांपर्यंत वाढू दिला. वजन ३॥ टन झाले. पण खोड जून होऊन पाने झडू लागल्यामुळे नत्राचे प्रमाण शेकडा १.४ वर आले. म्हणजे येथेही नत्र ४९ किलोच झाला. आता वाळलेल्या पाल्यात कर्ब शेकडा ४३ धरला तर पहिल्या रानात १ भाग नत्रामागे कर्ब १७ भाग पडतो आणि दुसऱ्यात ३१ भाग. दोन्ही रानांत सुमारे अडीच गोणी युरियाइतका नत्र अंथरलेला आहे. परंतु पहिले रान पुढील पिकास देऊ लागते आणि दुसरे प्रथम त्याच्याकडून उसने घेते. बांधावर उभे राहून पाहणाऱ्यास मात्र दुसरे रानच अधिक श्रीमंत दिसते. हिरवळीचे मोल वजनावर करण्याची जी सवय आपणांस लागली आहे, ती येथे फसवते. पहिल्या रानातीलही सगळे ५० किलो त्याच हंगामात पिकास मिळतील असे कोणी समजू नये. अंथरलेल्या हिरवळीपासून पहिल्या पिकास निम्म्याहून अधिक लाभ धरून न चालणे हेच शहाणपणाचे होय.

हा नियम आपल्या ऊस-बागाईतदारांस अपरिचित नाही. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरावे आणि दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू संवर्धक द्यावे, ही शिफारस सर्वांस ठाऊक आहे. एक टन पाचटात नत्र सुमारे ५ किलो व कर्ब ४३० किलोंच्या आसपास असतो. ८ किलो युरियातून आणखी पावणेचार किलो नत्र मिळतो, आणि ८६ वर असलेले कर्बाचे प्रमाण ५० च्या घरात येते. म्हणजे तो युरिया मुख्यतः जंतूंच्या शिदोरीसाठी आहे. पाचटाच्या बाबतीत हे आपण निमूटपणे मान्य करतो. मग जून तागाच्या बाबतीत आश्चर्य का वाटावे? ताग शेंगवर्गीय आहे, त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, एवढे ऐकून आपण निश्चिंत होतो. परंतु गाठींनी मिळविलेला नत्र पानांत भरपूर व खोडात थोडा असतो, आणि वय वाढत जाते तसा पानांचा वाटा घटून खोडाचा वाढतो, हे कोणी सांगत नाही.

ज्या देशात ही पद्धत सर्वांत मोठ्या प्रमाणावर रुजली त्याचा अनुभवही याच दिशेचा आहे. ब्राझील देशातील पराना प्रांतात, रोलांदिया येथे, हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने मुसळधार पावसाने माती वाहून जाताना पाहून १९७२ साली नांगर सोडला. आज त्या देशात तीन कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र न नांगरता पिकविले जाते. तेथे हिवाळ्यात काळा ओट हे तृणवर्गीय पीक आच्छादनासाठी घेण्याची वहिवाट पडली. जमीन उत्तम झाकली गेली, तणही दबले. पण त्यामागून पेरलेला मका आरंभी नत्रावाचून अडू लागला. यावर तेथील शेतकऱ्यांनी व संशोधकांनी नांगर परत बोलाविला नाही. ओटाबरोबर व्हेच हे शेंगवर्गीय पीक मिसळून पेरणे, मक्यास पेरणीच्या वेळीच नत्राचा हप्ता देणे, आणि ओटामागून सोयाबीनसारखे आपला नत्र आपण मिळविणारे पीक घेणे, हे उपाय त्यांनी योजिले. हवामान व पिके निराळी असली तरी यातील विचार आपणांस जसाच्या तसा घेता येण्याजोगा आहे.

आपल्याकडे कोणत्या पिकानंतर कोणते पीक घ्यावे हे ठरविताना ‘बेवड’ पाहण्याची चाल फार जुनी आहे. आमची सूचना एवढीच की आच्छादन-पिकाचाही बेवड पाहावा, आणि तो पाहताना पिकाच्या नावाबरोबर त्याचे वयही विचारात घ्यावे.

पुढील पीक ज्वारी, मका, गहू किंवा भाजीपाला असेल, तर त्यास आरंभापासून नत्र हवा. अशा ठिकाणी ताग कळीवर किंवा पहिल्या फुलावर, खोड नखाने दबते आहे तोवर, कापावा. कोवळा पाला उबदार व ओल्या जमिनीवर पहिल्या चार-सहा आठवड्यांतच आपला बराचसा नत्र सोडतो. म्हणून कापणी व पेरणी यांत फार दिवस जाऊ देऊ नयेत. ऑगस्टात ताग कापून रान सप्टेंबरच्या पावसात मोकळे ठेविले, तर सुटलेला नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरून जातो. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या उत्तरार्धात पेरावयाची असेल तर ताग जूनमध्ये पेरून जून होऊ देण्यापेक्षा जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी पेरणे बरे. मात्र जेथे रब्बीचे पीक सर्वस्वी जमिनीतील ओलीवर येते अशा अवर्षणाच्या मुलखात तागानेही ती ओल प्यालेली असते, हे विसरू नये. पाऊस हात आखडता घेतो आहे असे दिसताच ताग आणखी लवकर कापावा.

पुढील पीक हरभरा, वाल किंवा दुसरे द्विदल असेल तर जून व भरड आच्छादनाचे भय नाही. अशी पिके आपल्या नत्राची तरतूद आपण करतात, आणि भरड पाला जास्त दिवस टिकून ओल राखतो. ऊस हे दीर्घ मुदतीचे पीक आहे. त्यास नत्र अनेक महिने लागतो, म्हणून तेथे थोडे कोवळे व थोडे जून असे मिश्र आच्छादन शोभते. तागाबरोबर बाजरी किंवा चाऱ्याची ज्वारी विरळ पेरली असता एकाने नत्र व दुसऱ्याने टिकाऊ झाकण असा दुहेरी लाभ साधतो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोवळा ताग वरवर छाटला तर बगलेतून पुन्हा फुटतो, आणि रूळ फिरवून आडवा पाडला तरी उठू पाहतो. फुलोऱ्यात आलेला मात्र एकदा मोडला म्हणजे बहुधा उठत नाही. म्हणून नत्रासाठी कोवळा कापावयाचा तर तो जमिनीलगत कापावा, आणि रूळच फिरवावयाचा असेल तर फुलोऱ्यापर्यंत थांबावे. ही थोडी तडजोड आहे. पण तीन महिन्यांचा जून ताग ठेवण्याचे समर्थन तिजमुळे होत नाही.

ज्यांचा ताग आधीच जून झाला असेल त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पेरणीच्या वेळीच एकरी १० किलो नत्र, म्हणजे सुमारे अर्धी गोणी युरिया, आच्छादनाच्या खाली मातीत पेरून द्यावा. तो बियाण्यास चिकटू देऊ नये, थोडा बाजूस पडावा. पाल्यावर युरिया फेकण्याची रीत मात्र सोडावी. वाळल्या पाल्यावर पडलेला युरिया पाऊस किंवा पाणी लगेच न मिळाल्यास अमोनिया होऊन उडून जातो, आणि जो राहतो त्यावर पहिला हात जंतूंचा पडतो.

या आमच्या मतावर दोन आक्षेप येतील हे आम्ही जाणून आहोत. पहिला असा की, जून व चिवट अवशेषांनीच जमिनीचा कस टिकतो, कोवळा पाला आला तसा विरून जातो. यात तथ्य आहे. जमीन झाकणे, ओल धरणे, उन्हाळ्यात माती तापू न देणे ही कामे भरड पालाच अधिक दिवस करतो, आणि ज्या रानाची मातीच उघडी पडली आहे तेथे दोन-तीन वर्षे तोच हेतू पुढे ठेवावा. आमचे म्हणणे इतकेच की एका कापणीकडून दोन्ही कामे पुरी होण्याची अपेक्षा धरू नये. आणि जे काम घ्यावयाचे त्याचा निश्चय कापणीपूर्वी करावा. दुसरा आक्षेप असा की, युरिया द्यावयाचाच तर हिरवळीची खटपट कशाला ? याचे उत्तर असे की पहिल्या महिन्याची अर्धी गोणी ही साऱ्या हंगामाच्या खताची जागा घेत नाही. उसना गेलेला नत्र पुढे परत येतो, पालाश व स्फुरद हाती राहतात, आणि दरसाल पडणाऱ्या पाल्याने व जागीच कुजणाऱ्या मुळांनी जमिनीचा साठा हळूहळू वाढतो. नांगराने गाडलेली हिरवळ नत्र लवकर देते हे कबूल. पण त्या नांगरटीने जमिनीतील जुना साठाही भराभर जळतो, आणि ट्रॅक्टरचे भाडे निराळे मोजावे लागते.

यास्तव आमची मागणी दोन ठिकाणी आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील विद्यापीठांनी हिरवळीच्या पिकांविषयी जे सांगावयाचे ते नांगरणाऱ्यासाठी व न नांगरणाऱ्यासाठी वेगवेगळे सांगावे. ताग, धैंचा व चवळी यांचे ३०, ४५, ६०, ७५ व ९० दिवसांचे वजन, त्यातील नत्र, आणि तो पाला नुसता अंथरला असता किती दिवसांत किती नत्र सोडतो, याचे साधे तक्ते मराठीत शेतकऱ्याच्या हाती पडावेत. हिरवळीच्या बियाण्यास जे साहाय्य दिले जाते त्याबरोबर हा कागद अवश्य जावा. नाहीतर बियाणे पोहोचते आणि ते केव्हा कापावे ही विद्या मागे राहते.

दुसरी मागणी आमच्या सभासद बंधूंकडे आहे. प्रत्येकाने येत्या हंगामात चार लहान पट्टे राखावेत. तिहींत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने ताग पेरावा व चौथा तागावाचून ठेवावा. तिन्ही पट्ट्यांतील ताग एकाच दिवशी कापावा. म्हणजे तो सुमारे ४५, ६० व ७५ दिवसांच्या वयाचा मिळेल. मग चारही पट्ट्यांत एकाच दिवशी एकच वाण पेरून चौथ्या आठवड्यात पानांचा रंग व शेवटी धान्याचे वजन टिपून ठेवावे. यास प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, चार खुंट्या आणि तराजू पुरे. निरनिराळ्या तालुक्यांतून अशा पन्नास वह्या एकत्र आल्या तर आपल्या जमिनीचे व आपल्या पावसाचे उत्तर आपल्याच हाती येईल.

नांगर सोडणे म्हणजे एक अवजार घरी ठेवणे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः नांगर जे काम बळाने व घाईने उरकीत होता, ते आता वेळ साधून करावे लागते, आणि त्यास पूर्वीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते. ज्याने ताग पेरतानाच पुढील पिकाची भूक व तागाच्या कापणीची तारीख वहीत मांडली, त्यास पीक पिवळे का पडले हे विचारण्याची पाळी सहसा येणार नाही.